निराशेचा बाबवार हिशोब : कमी खर्चाच्या भयपटांवर आणि त्यांच्या रिमेकवर अभिप्राय कसा लिहावा

‘भंगार चित्रपट, पैसे वाया गेले’ असे लिहिल्याने लिहिणाऱ्याचे मन मोकळे होते. परंतु तीच डीव्हीडी घ्यावी की घेऊ नये या विचारात असलेल्या माणसाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. कथा फसली होती, नट कमी पडले होते, संवाद ऐकू येत नव्हते, त्या विशिष्ट आवृत्तीची प्रतच खराब होती, की मूळ चित्रपट मनात धरून बसलेल्या प्रेक्षकाला दुसरे काहीच रुचले नसते, यांपैकी नेमके काय घडले हे त्याला कळायला हवे. निराशा खरी असते आणि ती सांगण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. मात्र ती दुसऱ्याच्या उपयोगी पडायची असेल, तर तिचा हिशोब बाबवार मांडावा लागतो.

अमेरिकेतील कमी खर्चाचे भयपट आणि त्यांचे रिमेक हे या हिशोबासाठी चांगले उदाहरण आहे. त्यांतील कित्येक चित्रपट चित्रपटगृहांना वगळून थेट व्हिडिओवर येतात, वृत्तपत्रांतील समीक्षक त्यांच्याकडे क्वचितच वळतात, आणि त्यामुळे सामान्य प्रेक्षकाने लिहिलेला अभिप्राय हीच पुष्कळदा त्यांची एकमेव नोंद उरते. मी हे चित्रपट बरीच वर्षे डिस्कवर पाहत आले आहे. पुढील विवेचनात मुख्यतः एकाच कुळाचा आधार घेतला आहे : दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा, उठून चालू लागलेली प्रेते जिवंतांना खातात अशा कथेचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, त्याचे रिमेक आणि त्याच मालिकेतील पुढचे चित्रपट. ज्यांनी मूळ चित्रपट पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगते की त्याच्या शेवटाची चर्चा खाली येणार आहे, कारण त्याशिवाय त्याच्या रिमेकची पारख करता येत नाही.

हातात कोणती आवृत्ती आहे, ते आधी पाहावे

अभिप्रायाची तयारी डिस्क यंत्रात घालण्यापूर्वी सुरू होते. वेष्टनाच्या मागील बाजूची बारीक अक्षरे वाचावीत आणि चित्रपटाचे पूर्ण नाव, वर्ष, दिग्दर्शक, लांबी, चित्रचौकटीचे प्रमाण (तिची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर) आणि आवृत्तीविषयीचे खास शब्द एका कागदावर उतरवून घ्यावेत. हे कारकुनी काम वाटेल. पण ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा इतिहास पाहिला की त्याची गरज पटते.

हा चित्रपट आधी ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ या नावाने तयार झाला होता. वितरकांनी नाव बदलले आणि नव्या नावाची पाटी जोडताना जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ती ओळ प्रदर्शित प्रतीवर असणे आवश्यक होते. ती नसल्यामुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला आणि रोमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या प्रचंड लोकप्रियतेतून जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही. व्हिडिओ कॅसेटचा आणि नंतर डीव्हीडीचा काळ आला, तेव्हा ज्याच्या हाती जी प्रत लागली तिच्यावरून त्याने हा चित्रपट विकला. आज त्याच नावाखाली झिजून काळवंडलेल्या प्रतींवरून केलेल्या डिस्क आहेत, संगणकाने रंगवलेल्या आवृत्त्या आहेत, तिसाव्या वर्षपूर्तीनिमित्त काढलेली, नव्याने चित्रित प्रसंग आणि नवे संगीत घातलेली व मूळ चित्रपटाचा काही भाग गाळलेली आवृत्ती आहे, आणि मूळ निगेटिव्हवरून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट व फिल्म फाउंडेशन यांनी जतन केलेली, २०१८ मध्ये डिस्कवर आलेली स्वच्छ आवृत्तीही आहे. यांपैकी कोणती पाहिली हे न सांगता ‘चित्र अगदीच अंधुक आहे’ किंवा ‘मधले काही प्रसंग उपरे वाटतात’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. वर्षपूर्तीच्या आवृत्तीतील उपरे प्रसंग खरोखरच उपरे आहेत. तो दोष १९६८ च्या चित्रपटाच्या माथी मारता येणार नाही.

वेष्टनावरचा ‘अनरेटेड’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. अमेरिकेत त्याचा अर्थ एवढाच की ती आवृत्ती तिथल्या वर्गीकरण मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी पाठवलेली नाही. तिच्यात जादा रक्तपात असेल, अर्ध्या मिनिटाचा निरुपद्रवी संवाद असेल, किंवा लक्षात येण्याजोगे काहीच नसेल. ‘अनरेटेड असूनही काही विशेष नाही’ ही तक्रार विक्रेत्याच्या जाहिरातीविषयी आहे, आणि ती तशीच मांडावी.

चित्रपटाचा दोष आणि डिस्कचा दोष

काही वर्षांपूर्वी एका भयपटाच्या रिमेकबद्दल मी असे लिहिले होते की दिग्दर्शकाला चौकट कशी लावावी हेदेखील कळत नाही. दोन माणसे बोलत असताना त्यांतल्या एकाचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि ज्या आकृतीला पाहून नायिका किंचाळते ती आकृती पडद्यावर कुठेच नव्हती. पुढे तोच चित्रपट पूर्ण रुंदीच्या प्रतीत पाहण्याचा योग आला, तेव्हा ती आकृती चौकटीच्या डाव्या कडेला, जिथे असायला हवी तिथेच उभी होती. माझ्याकडची प्रत जुन्या चौकोनी टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापलेली होती. त्या दिग्दर्शकावर मी अन्याय केला होता, आणि माझे शब्द वाचून कोणी तो चित्रपट टाळला असेल, याची बोच आजही जात नाही.

म्हणून चौकटीचे प्रमाण पाहणे ही पहिली खबरदारी. इथे एक उलटी बाजूही आहे : १९६८ चा मूळ चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीतच चित्रित झालेला आहे, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणे हेच योग्य आहे. त्या घालवण्यासाठी चित्र ताणले की माणसे बुटकी आणि रुंद दिसू लागतात, आणि मग ‘छायाचित्रण बेढब आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. टीव्हीची मांडणी तपासल्याशिवाय छायाचित्रणावर एक शब्दही लिहू नये.

लांबीबाबतही अशीच गफलत होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित होतो. पाल या, भारतात आणि युरोपात रूढ असलेल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो पुष्कळदा २५ चौकटींच्या वेगाने चालवला जातो. त्यामुळे ९६ मिनिटांचा चित्रपट साधारण ९२ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. ‘चार मिनिटे कापली आहेत’ अशी तक्रार करण्यापूर्वी हा हिशोब करून पाहावा. उत्तर जुळले, तर काहीच कापलेले नाही. भारतासाठी डीव्हीडीचा विभाग क्रमांक ५ आहे आणि अमेरिकेसाठी १, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाने पाठवलेली डिस्क इकडच्या यंत्रावर चाललीच नाही, तर ती गोष्ट खरेदीदाराला अवश्य सांगावी, परंतु तिच्यासाठी चित्रपटाचे गुण कापू नयेत.

रंगांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. टॉम सॅविनी यांनी दिग्दर्शित केलेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा रंगीत रिमेक १९९० मध्ये आला. २०१२ मध्ये त्याची ३,००० प्रतींची मर्यादित ब्लू-रे आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातील रंग आधीच्या प्रतींपेक्षा बरेच गडद आणि निळसर झालेले पाहून चाहते फार नाराज झाले. ज्यांनी दोन्ही प्रती ताडून पाहिल्या त्यांची तक्रार नेमकी होती आणि म्हणूनच ती दखलपात्र ठरली. ज्याने हा चित्रपट प्रथमच त्या निळ्या छटेत पाहिला, त्याला मात्र दिवसाउजेडी घडणारे प्रसंग संध्याकाळी घडल्यासारखे का वाटतात हे उमगले नसेल. जिथे शंका असेल तिथे ‘माझ्याकडील प्रतीत असे दिसते’ हे चार शब्द वापरावेत. त्यांच्यामुळे मताचे वजन कमी होत नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी हे चित्रपट व्हीसीडीवर पाहिले, त्यांनी तर जुन्या आठवणींवर विसंबून लिहूच नये. व्हीसीडीवर चित्राचे तपशील डीव्हीडीच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढेच मावत, अंधाराचे प्रसंग चौकोनी ठिपक्यांचा खेळ होऊन जात, आणि पहिली डिस्क संपून दुसरी घालेपर्यंत उभी केलेली भीती विरून जाई. भयपटाच्या बाबतीत ही फारच मोठी हानी आहे.

चणचण आणि निष्काळजीपणा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कमी खर्चाच्या चित्रपटावर लिहिताना सर्वांत जास्त अन्याय होतो तो गरिबीलाच दोष समजल्यामुळे, आणि जवळजवळ तेवढाच अन्याय होतो तो गरिबीच्या नावाखाली सगळेच माफ केल्यामुळे. या दोहोंच्या मधली रेषा काढता येणे हेच अभिप्राय लिहिणाऱ्याचे खरे काम आहे, आणि ती काढण्यासाठी मूळ चित्रपटाइतका चांगला मापदंड मला दुसरा माहीत नाही.

रोमेरो आणि त्यांचे सहकारी पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट आणि उद्योगांसाठीचे लघुपट बनवत असत. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ त्यांनी सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये पूर्ण केला. चित्रीकरणासाठी त्यांनी पेन्सिल्व्हेनियातील इव्हान्स सिटीजवळचे, पुढे पाडलेच जाणार होते असे एक शेतघर मिळवले, रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले, संगीत तयार संग्रहातून उचलले आणि प्रेतांच्या भूमिकांसाठी ओळखीची व गावातली माणसे उभी केली. चॉकलेटचे सिरप कृष्णधवल चित्रात रक्तासारखे दिसते; रंगीत चित्रात ते चालले नसते. म्हणजे रंग परवडत नव्हता ही अडचण त्यांनी रक्ताचा प्रश्न सोडवण्यासाठी आणि चित्राला बातमीपटासारखा खरेपणा देण्यासाठी वापरून घेतली. संपूर्ण देशावर संकट कोसळले आहे हे दाखवायला पैसे नव्हते. ते त्यांनी घरातल्या रेडिओवरून आणि टीव्हीवरून ऐकवले. सात माणसे एका घरात कोंडली गेली आहेत, बाहेरून मदत येईल की नाही हे त्यांना ठाऊक नाही, आणि तळघरात लपावे की वर घरात राहून लढावे यावर त्यांचे एकमत होत नाही, एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. या भांडणाला चित्रीकरणाचा जादा खर्च शून्य आहे, आणि चित्रपटातला सर्वाधिक ताण त्याच भांडणातून येतो.

यावरून तपासणीची एक साधी रीत हाती येते. जो दोष नजरेस पडला तो दूर करण्यासाठी पैसे लागले असते की विचार, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे. गर्दी विरळ आहे, स्फोट खोटा दिसतो, रात्रीच्या प्रसंगात प्रकाश कमी पडला आहे, मुखवट्याची कड गळ्याजवळ दिसते, हे दोष पैशांचे आहेत; त्यांची नोंद करावी, पण सौम्यपणे. याउलट पात्राला गावाकडचा रस्ता माहीत असल्याचे पहिल्या दहा मिनिटांत सांगून नंतर त्याच रस्त्यावर त्याला हरवलेले दाखवणे, प्रत्येक पात्राच्या तोंडी एकसारखीच भाषा देणे, किंवा भीतीचा एकच डाव चार वेळा खेळणे, यांतले काहीही पैशांअभावी घडत नाही. कागदावर पटकथा दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि ज्यांनी तो दिला नाही त्यांना तसे स्पष्टपणे सांगायला हरकत नाही. इथे कठोर व्हावे.

दोहोंच्या सीमेवर ध्वनी आणि अभिनय येतात, आणि तिथे घाईने निकाल देऊ नये. स्वस्तात केलेल्या चित्रपटाचे बिंग बहुधा आवाजातच आधी फुटते : संवाद खोलीच्या पोकळीत घुमतात, एका बाजूने बोललेल्या वाक्यामागे वाऱ्याचा आवाज असतो आणि उत्तरामागे नसतो, नंतर भरलेले संवाद ओठांशी जुळत नाहीत. पुन्हा ध्वनिमुद्रण करायला स्टुडिओ लागतो, म्हणजे पैसा लागतो. परंतु दोन संवादांमधली पार्श्वभूमी सारखी करून घेणे ही संकलनाच्या टेबलावरची काळजी आहे. अभिनयाचेही तसेच. नवखा नट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अधिक चांगले बोलतो, आणि पुन्हा पुन्हा चित्रीकरण करायला सवड नसते, हे खरे. म्हणून एकट्याचा अभिनय कच्चा आहे, की सगळेच पाट्या टाकत आहेत, हे पाहावे. सगळेच टाकत असतील तर चूक दिग्दर्शनाची आहे, आणि एखाद्या नटाचे नाव घेऊन त्याला झोडपणे गैर आहे.

ताणलेली लांबी ही थेट व्हिडिओवर येणाऱ्या चित्रपटांची विशेष खोड आहे. वितरकाला पूर्ण लांबीचा चित्रपट हवा असतो, हाताशी मजकूर तासाभराचा असतो, आणि मग गाडी रस्त्यावरून जात राहते, माणसे जिने चढत राहतात, शेवटची श्रेयनामावली कासवाच्या गतीने सरकते. ‘रटाळ’ हा शब्द अशा वेळी खरा असूनही अपुरा पडतो. त्याऐवजी पाहताना घड्याळ जवळ ठेवावे आणि लक्ष जिथे उडाले ते मिनिट टिपून घ्यावे. ‘बाविसाव्या मिनिटापासून एकतिसाव्या मिनिटापर्यंत गाडीचा प्रवास आणि पूर्वी सांगून झालेली माहिती, याखेरीज काही घडत नाही’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला प्रत्यक्ष अंदाज येतो, आणि ज्याला संथ चित्रपट आवडतात तोही स्वतःचा निर्णय घेऊ शकतो.

जिथे विचार दिसतो तिथे त्याचे श्रेय द्यावे, मग चित्रपट एकंदरीत फसलेला का असेना. २००६ मध्ये जेफ ब्रॉडस्ट्रीट यांनी याच कथेचा ३डी रिमेक केला. आधुनिक काळात, फोन हाताशी असताना, शेतघरातली माणसे पोलिसांना का बोलावत नाहीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी त्या कुटुंबाला चोरून गांजा पिकवणारे केले. पोलीस दारात नकोत, याला कारण मिळाले. युक्ती साधी आहे, बिनखर्चाची आहे आणि चोख आहे. हा रिमेक मला निराश करून गेला, पण याच कारणासाठी त्याच्या पटकथेला सरसकट मूर्ख म्हणणे मला पटत नाही.

रिमेक : मुळात काय होते आणि त्याचे काय झाले

रिमेक पाहण्यापूर्वी मूळ चित्रपटाचे बळ कशात आहे हे दोन वाक्यांत लिहून ठेवावे, आणि मगच डिस्क लावावी. हे आधी लिहिणे महत्त्वाचे, कारण नंतर लिहिले की रिमेकमध्ये जे सापडले नाही तेच मूळचे बळ होते असे वाटू लागते.

१९६८ च्या चित्रपटाबाबत माझी दोन वाक्ये अशी आहेत. ड्वेन जोन्स यांनी साकारलेला बेन हा कृष्णवर्णीय माणूस त्या घरातला सर्वांत विवेकी माणूस आहे आणि त्याच्या वर्णाचा उल्लेख कोणीही करत नाही. तो एकटा रात्रभर तग धरतो, आणि सकाळी मदतीला आलेली बंदूकधाऱ्यांची टोळी त्याला प्रेत समजून गोळी घालते; त्यानंतर वृत्तपत्रातल्या छायाचित्रांसारखी खरखरीत स्थिरचित्रे येतात आणि चित्रपट संपतो.

हे डोळ्यांपुढे ठेवून १९९० चा रिमेक पाहिला की त्याचे मोल ठरवता येते. त्याची पटकथा रोमेरो यांनीच लिहिलेली आहे. टोनी टॉड यांचा बेन मूळच्या वळणावरच राहतो, पण बार्बरा बदलते. मूळ चित्रपटात धक्क्याने सुन्न होऊन बसणारी ही तरुणी इथे बंदूक उचलते, आणि ही प्रेते इतकी संथ आहेत की त्यांच्या बाजूने चालत निघून जाता येईल, हे तिच्याच लक्षात येते. शेवटी ती वाचते, आणि घरात कोंडलेल्यांपैकीच एक असलेल्या, जिवंत कूपरला स्वतः गोळी घालते. मूळचा सकाळचा आघात इथे नाही, त्याजागी दुसरा प्रश्न आहे : वाचलेल्या माणसाचे काय होते. मला मूळ शेवट अधिक मोठा वाटतो. तरीही या रिमेकला स्वतःचे कारण आहे, हे मान्य करावे लागते. ‘शेवट बदलला’ एवढीच तक्रार करणारे अभिप्राय या चित्रपटाच्या वाट्याला आले, तर ते अपुरे आहेत.

बदल केला म्हणून नापसंती आणि बदल केला नाही म्हणूनही नापसंती, अशी दुहेरी काठी चालवू नये. १९९८ मध्ये ‘सायको’ जवळजवळ चौकटीगणिक मुळाबरहुकूम, फक्त रंगीत करून पुन्हा काढला गेला. त्याच्यापुढे ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न उभा करणे रास्त आहे. पण तोच प्रेक्षक दुसऱ्या रिमेकमधल्या प्रत्येक फरकाला विश्वासघात म्हणू लागला, तर त्याला मुळात रिमेक ही गोष्टच नको आहे. तसे असेल तर तेही प्रांजळपणे लिहावे.

खरी निराशा कशी नेमकी सांगता येते याचे उदाहरण २००८ चा ‘डे ऑफ द डेड’ आहे. स्टीव्ह मायनर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट अमेरिकेत थेट डीव्हीडीवर आला. रोमेरो यांचा १९८५ चा मूळ चित्रपट जमिनीखाली कोंडलेले शास्त्रज्ञ आणि सैनिक यांच्या संघर्षाचा आहे, आणि त्याच्या मध्यभागी ‘बब’ नावाचे एक प्रेत आहे, ज्याला पुन्हा काही शिकवता येते का हे एक शास्त्रज्ञ पाहत असतो. रिमेकमध्ये बबचा ‘बड’ होतो; तो सैनिक जिवंतपणी शाकाहारी होता, म्हणून मेल्यावर माणसे खात नाही. प्रेते धावतात आणि छतावरून सरपटतात. ‘मेलेल्यामध्ये माणूस किती उरतो?’ हा मूळचा गंभीर प्रश्न इथे एका चुटक्यावर मिटवला जातो. माझी तक्रार हीच आहे, आणि तिच्यात खर्चाचा संबंध कुठेही येत नाही.

मराठी प्रेक्षकाला हा अनुभव वेगळ्या वाटेने ओळखीचा आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’चा ‘धडक’ हा हिंदी रिमेक २०१८ मध्ये आला. त्याच्यापाशी पैसा भरपूर होता, राजस्थानातली देखणी स्थळे होती; पण मूळ कथेला धार देणारा जातीचा प्रश्न त्यात बोथट झाला, अशी तक्रार अनेक मराठी प्रेक्षकांनी केली. ज्यांनी ‘आमची गाणी बिघडवली’ एवढेच म्हटले त्यांच्यापेक्षा या प्रेक्षकांचे म्हणणे टिकाऊ ठरले, कारण त्यांनी कथेचा कणा कुठे होता यावर बोट ठेवले.

नावाने आणि वेष्टनाने झालेली फसगत

ही तक्रार वेगळ्या परिच्छेदात लिहावी. २००८ च्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये विंग रेम्स आहेत, आणि ते २००४ च्या ‘डॉन ऑफ द डेड’च्या रिमेकमध्येही होते. त्यामुळे हा त्याचा पुढचा भाग असावा, असा समज करून कोणी डिस्क घेतली तर नवल नाही. पण दोहोंचा कथेने काही संबंध नाही आणि रेम्स यांची पात्रेही वेगळी आहेत. ही एक ओळ अभिप्रायात असली, तर कित्येकांचे पैसे वाचतात. ‘द असायलम’ या अमेरिकन कंपनीने तर मोठ्या चित्रपटांच्या आगेमागे मिळत्याजुळत्या नावांचे स्वस्त चित्रपट काढणे हाच व्यवसाय केला. २००७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या वेळी त्यांचा ‘ट्रान्समॉर्फर्स’ बाजारात होता. नावाचा घोटाळा विक्रीच्या खात्यात नोंदवावा आणि चित्रपट आत कसा आहे हे स्वतंत्रपणे सांगावे.

लिहायला बसल्यावर

चित्रपट संपल्या संपल्या लिहू नये. एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी जे आठवत नाही ते बहुधा महत्त्वाचे नसते, आणि ज्या प्रसंगावर टीका करायची आहे तो प्रसंग डिस्कवर पुन्हा पाहून घेता येतो. घरी पाहण्याचा हा मोठाच फायदा आहे आणि चित्रपटगृहातल्या समीक्षकाला तो मिळत नाही. चित्रपट अर्धवट सोडला असेल तर कोणत्या मिनिटाला सोडला ते लिहावे. शेवट सांगायचा असेल तर आधी सूचना द्यावी. कलावंतांच्या रूपावर, शरीरावर किंवा त्यांच्या खासगी आयुष्यावर काहीही लिहू नये; तुटपुंज्या मोबदल्यात थंडीत रात्र रात्र उभे राहून काम केलेली माणसे ती असतात.

मोजलेली किंमतही नोंदवावी. भारतात २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा फसलेल्या खरेदीचे दुःख चहा-नाश्त्याच्या खर्चाएवढे झाले. तोच चित्रपट आयात केलेल्या ब्लू-रेवर पाहणाऱ्याची निराशा निराळ्या वजनाची असते. गुणांक द्यायचा असेल तर चित्रपटाला वेगळा आणि डिस्कला वेगळा द्यावा.

मी २००८ च्या त्या रिमेकवर लिहिलेला मजकूर नमुन्यादाखल देते :

‘१९८५ च्या चित्रपटाचे नाव असले तरी त्याची मांडणी इथे जवळजवळ नाही, आणि २००४ च्या ‘डॉन ऑफ द डेड’चा हा पुढचा भागही नाही. कथा कोलोरॅडोत घडते, चित्रीकरण बल्गेरियात झाले आहे. गाव रिकामे वाटते, पण साथीच्या भीतीने ओस पडलेल्या गावाला ते शोभते. छतावरून सरपटणारी प्रेते संगणकावर घाईने उरकलेली आहेत, हा पैशांचा दोष मी सोडून देते. शाकाहारी सैनिकाची कल्पना मात्र सोडता येत नाही, कारण मूळ चित्रपटातील सर्वांत करुण पात्राची जागा तिने घेतली आहे. वेगवान पाठलाग आवडणाऱ्यांना हा चित्रपट चालेल. ज्यांना मूळ चित्रपट प्रिय आहे त्यांनी तो घेऊ नये.’

यात राग आहे. परंतु कशाचा राग आहे, कशाला माफी आहे आणि कोणाला हा चित्रपट रुचू शकेल, हे वाचणाऱ्याला कळते.

अभिप्राय लिहून झाला तरी तो बंद झाला असे समजू नये. चांगली प्रत नंतर हाती आली आणि मत बदलले, तर जुना मजकूर पुसू नये. त्याखाली दिनांक घालून आवृत्तीच्या नावासह नवी नोंद जोडावी, म्हणजे पहिल्या डिस्कचा दोष कोणता होता हेही आपोआप स्पष्ट होते. १९६८ च्या चित्रपटाबाबत मला हे करावे लागले. काळवंडलेल्या डीव्हीडीवरून मी लिहिले होते की तळघरातले प्रसंग अंधारात वाया गेले आहेत. २०१८ ची आवृत्ती पाहिल्यावर त्याखाली मी एवढेच जोडले : तळघरातल्या भिंती, जिना आणि आजारी मुलीचा चेहरा स्पष्ट दिसतो, आधीचे वाक्य मागे घेत आहे.